नऊ निकामी संगणक आणि एक सही

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावर विराजमान मोठ्या सिस्टर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती वायरमनदादा, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी भांडारपाल. माझं आयुष्य नोंदवहीत गेलं, त्यामुळे चार लोकांत बोलायची सवय नाही. त्यात आज लक्ष थाऱ्यावर नाही. मी सारखी मागच्या दाराकडे बघतेय, राग मानू नका. तिथं आमच्या मावशी नऊ बोटं दाखवत उभ्या आहेत. कारण सांगतेच.

दादांनी चौतीस वर्षं या इमारतीत वायरी ओढल्या आणि उतारवयात बिनवायरीचं खूळ डोक्यात घेतलं. तीन वर्षांपूर्वी भांडारात येऊन म्हणाले, "ताई, ते निकामी संगणक भंगारात घालू नका, मला द्या."

मी म्हटलं, "दादा, ते सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन येतो."

"येऊ द्या की. एकदा सुरू झाले की बंद कोण करतंय?"

दादांनी त्यांत लिनक्स नावाची फुकटची, जुन्या यंत्रावरही चालणारी प्रणाली घातली, अँटेना लावल्या आणि नऊ ठिकाणी नऊ संगणक ठेवले. एक माळ्यावर, एक चादरींच्या कपाटामागे, एक तर चक्क क्ष-किरण खोलीच्या दारावर. हे एकमेकांकडे निरोप पाठवत राहतात. एखादा बंद पडला तर बाकीचे दुसरी वाट काढतात. सिस्टर, रक्ताचा अहवाल हल्ली कुणी जिना न चढता वॉर्डात येतो, तो कसा, याचा कधी विचार केलात? परवानगी मात्र घेतली नव्हती. मागितली असती, तर फाईल अजून फिरत असती. साहेब हसले, बरं वाटलं.

मावशी, किती? सहा.

आता माझी चूक. वहीत ते संगणक निकामीच राहिले. आणि प्रत्येक नोंदीपुढे वस्तू कुठे आहे ते लिहायची माझी खोड. गेल्या आठवड्यात भंगार काढायचा आदेश निघाला आणि मी ती यादी डोळे झाकून उतरवून दिली. आज दुपारी टेम्पोवाल्याचा फोन आला, तेव्हा त्या यादीत दादांचे नऊ संगणकही आहेत हे माझ्या ध्यानात आलं. दादांना सांगितलं, तर म्हणाले, "ताई, आज गप्प बसा. हा उद्योग उघडकीस आला तर पेन्शनचे कागद अडकतील. तुमच्या वहिनींनाही सांगू नका." मी साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. माझंही धाडस झालं नाही.

आपण इथं हार घालत होतो, तेव्हा टेम्पो आत आला. त्यांची माणसं माझ्याच अक्षरातली यादी घेऊन खोल्या धुंडाळताहेत. अडवलं, तर म्हणतात, आदेश साहेबांचा आहे, थांबवायलाही साहेबांचीच सही आणा. तीन संगणक आहेत तोवर कुणाला काही कळणार नाही. दोन उरले की प्रयोगशाळा आणि वॉर्ड एकमेकांपासून तुटले.

साहेब, तुमच्या पुष्पगुच्छाखाली एक कागद ठेवलाय. भांडारातली वस्तू माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही, म्हणजे नियम मोडला तो मी, असं त्यात लिहिलंय. खाली टेम्पो थांबवायचा आदेश आहे. दादा, मान हलवू नका. सही माझी होती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी भलतंच बोलले, तेवढं पोटात घाला. मावशींनी आणखी एक बोट मिटलं. तीन राहिले.

साहेब, हे घ्या पेन.