एक तास पन्नास मिनिटं

बुकिंगवाले : …आणि खिडकीची सीट मिळाली ना मॅडम? साडेदहाचं विमान वेळेवर आहे, मी आत्ताच बघितलं.

ताई : मिळाली. आता आत सोडतीलच. बरं, ठेवू?

बुकिंगवाले : एकच सांगायचं होतं. साहेब पोचले का तिकडे? काल ऑफिसात आले होते.

ताई : कोण साहेब?

बुकिंगवाले : अहो, तुमचे मिस्टर! म्हणाले, बायको तिकिटाचं बोलली, पण शहर काही लक्षात राहिलं नाही. मी सांगितलं. मग विचारलं, विमानाला किती वेळ? म्हटलं, एक तास पन्नास मिनिटं. आणि गाडीनं? म्हटलं, नऊशे किलोमीटर, चौदा तास तरी धरा.

ताई : किती वाजता आले होते?

बुकिंगवाले : संध्याकाळी सहाला. म्हणाले, आत्ताच निघतो, तिच्या आधी पोचून चकित करतो. हौशी आहेत हो!

ताई : काका, चार महिने झाले आम्ही वेगळे राहतोय.

बुकिंगवाले : अरे देवा… मॅडम, मला काय कल्पना? हॅलो?

(ती फोन कापते आणि धाकट्या बहिणीला लावते. घड्याळात दहाला दहा कमी आहेत.)

धाकटी : ताई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. भाऊजी येणार हे सांगायचं तरी! घरात दूधसुद्धा नव्हतं गं.

ताई : आहे तो तिथं?

धाकटी : आत्ताच खाली गेले. रात्रभर गाडी चालवलीय, डोळे नुसते लाल. चहासुद्धा घेतला नाही. ठकीला म्हणाले, चल, आइस्क्रीम खाऊ.

ताई : ठकी त्याच्याबरोबर आहे?

धाकटी : मग? बाबा आहेत तिचे. असं काय करतेस?

ताई : किती वेळ झाला?

धाकटी : झाली असतील वीस मिनिटं. दुकान कोपऱ्यावरच आहे… थांब, खिडकीतून बघते.

ताई : दिसतायत?

धाकटी : गाडी नाहीये. ताई, गाडी नाहीये. आणि ठकीच्या चपला दारातच आहेत. कडेवर घेऊनच गेले होते. मला वाटलं, लाड करतायत.

ताई : नीट ऐक. तिला तुझ्याकडे सुट्टीसाठी नव्हतं पाठवलं. त्याच्यापासून लांब ठेवायला पाठवलं होतं. तो म्हणाला होता, ठकी माझी नाही तर कुणाचीच नाही.

धाकटी : आणि हे तू मला आता सांगतेस?

ताई : लाज वाटली गं. वाटलं, समोर बसून सांगेन.

धाकटी : मी माझ्या हातानं तिचं स्वेटर चढवलं, ताई. वारा लागेल म्हणून.

ताई : रडू नकोस. कुठलं स्वेटर?

धाकटी : पिवळं. बदकाचं.

ताई : ते पोलिसांना सांग. गाडीचा नंबर आणि त्याचा फोटो पाठवते. धावत जा, शेजाऱ्यांना बरोबर घे.

धाकटी : तू येतेस ना? तिकडे तुझं विमान पुकारतायत, मला ऐकू येतंय.

ताई : नाही बसत.

धाकटी : ताई, दोन तासांत पोचशील!

ताई : दोन तास फोन बंद राहील. त्यानं केला, तर मलाच करेल.

धाकटी : मग मी तुझ्याशी बोलत राहते. चालताचालता बोलते. मला भीती वाटतेय.

ताई : नको, सोन्या. ठेव आता. लाइन मोकळी पाहिजे.