माझा अंगठा आणि मेहुण्यांचा माऊस

अहो, पण मी मागितला होता का? तुम्हीच सांगा, मी कुणाच्या दारात जाऊन पदर पसरला होता का, की मला एक माऊस द्या हो? तरी देतायत! जो उठतो तो देतोय! लेकीनं दिला, "आई, तुझ्या वयाला बरा पडतो." यांनी दिला, म्हणजे आमच्या ह्यांनी, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून, आणि वर म्हणतात कसे, "लाल आहे बघ." लाल आहे! तीस वर्षांचा संसार, त्याचं फळ काय, तर लाल उंदीर! घरात चार झालेत, चार. आणि मला एकही नको. मला टचपॅड पुरतो. तो लॅपटॉपच्या पोटावर चौकोन असतो ना, गुळगुळीत, ज्यावर बोट फिरवायचं, तो. पण बाई छप्पन वर्षांची, चष्मा लावते, म्हणजे तिला टचपॅड जमणारच नाही, हे सगळ्या जगानं परस्पर ठरवून टाकलंय!

आता मला का नको, ते ऐका. मी टायपिंग शिकले ती खऱ्या मशीनवर. खटखट, खटखट, ओळ संपली की टिंग! आणि आमच्या क्लासच्या बाई म्हणजे... काय सांगू तुम्हाला... हातात पट्टी, नाकावर चष्मा, आणि आमच्या प्रत्येक हाताच्या पाठीवर एकेक काड्यापेटी ठेवायच्या. हो, काड्यापेटी! टाईप करताना पडली की पान फाड, पहिल्यापासून सुरू. मनगट वर, तळवा अधांतरी, नजर कागदावर, आणि मागून बाईंचा आवाज, "हात जागचा हलता कामा नये!" सात महिने ऐकलं हे. झोपेत ऐकलं. अजूनही जेवताना कुणी मोठ्यानं बोललं की माझी मनगटं आपोआप वर जातात.

मग कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर माऊस आला, आणि माझ्या उजव्या खांद्याचं वाटोळं झालं. कारण दर दोन शब्दांनी हात उचला, तिकडे न्या, उंदीर धरा, फिरवा, सोडा, परत या, आपली जागा शोधा... टायपिस्ट आहे का हमाल आहे मी? आणि मग एक दिवस साहेबांनी लॅपटॉप आणला. मी बसले, हात ठेवले, आणि तुम्हाला सांगते, अंगठा खाली सरकवला तर तिथेच टचपॅड! अंगठ्याच्या खाली! जणू कुणी माझ्या हाताचं माप घेऊन बनवलाय! बोटं आपल्या जागी, अंगठा आपला फिरतोय, आणि हात? हात जागचा हलता कामा नये, आणि हलत नाही! त्या दिवशी मला क्लासच्या बाईंना पेढे नेऊन द्यावेसे वाटले.

हां, तर साहेब. साहेब म्हणजे वकीलसाहेब, एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडे आहे. दोन खोल्यांचं ऑफिस. आतल्या खोलीत साहेब, बाहेरच्या खोलीत मी, खिडकीशी एकच टेबल, ते माझं. भिंतीला लागून पक्षकारांसाठी एक बाक. बस, एवढंच. साहेब माणूस सज्जन, पण बोलायचं झालं की कोर्टातच उभे. चहात साखर कमी असली तरी, "बाई, प्रश्न असा उपस्थित होतो की, साखर घातली होती काय?"

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि आले मेहुणे.

मेहुणे म्हणजे साहेबांच्या बायकोचे सख्खे भाऊ. वय अडतीस. आजवर काय करत होते म्हणाल, तर कोर्स करत होते. कॉम्प्युटरचे सात कोर्स. सर्टिफिकेटं इतकी, की भिंत कमी पडावी. आम्ही सगळे त्यांना मेहुणेच म्हणतो, आता तर पक्षकारसुद्धा म्हणतात. पहिल्याच दिवशी आले, पिशवीतून माऊस काढला... अहो, माऊस कसला, मोटारगाडी होती ती! अकरा बटणं! पोटाखाली निळा दिवा, शेपटाकडे हिरवा दिवा! आणि त्याच्याखाली अंथरायला ते पॅड, टॉवेलएवढं, त्याच्यावर धबधब्याचं चित्र. आणि मला म्हणतात, "मावशी, जरा सरकता का?"

मावशी! याच्या आईची नि माझी ओळख नाही, आणि मी मावशी!

सरकले. चूक झाली. बोट दिलं की मनगट धरणाऱ्यातली जात ती! सोमवारी टेबलाचा कोपरा गेला, बुधवारी ड्रॉवर गेला, शुक्रवारी माझी फुलदाणी खिडकीत गेली, आणि पुढच्या सोमवारी पाहते तर अर्ध्या टेबलावर धबधबा! वर मला उपदेश. "मावशी, टचपॅडवर काम म्हणजे पायानं जेवण. ह्यात भविष्य नाही." आणि लॅपटॉपवर बसले की स्वतःचे दोन्ही तळवे आरामखुर्चीत टाकल्यासारखे टचपॅडवर टाकायचे! मग कर्सर उडतो, वरची ओळ खाली, खालची वर, भाडेकराराच्या मधोमध घटस्फोट! दोष कुणाचा? टचपॅडचा! अरे, तुझ्या मनगटावर कुणी काड्यापेटी ठेवली नाही, त्याला टचपॅड काय करणार?

इथवर मी गिळलं. पण एका शुक्रवारी साहेबांनी आत बोलावलं. माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, प्रश्न असा उपस्थित होतो की, काम एक, टेबल एक, आणि माणसं दोन. महिनाअखेर निर्णय घ्यावा लागेल. घरूनही... अं... विचारणा होते." घरून विचारणा! म्हणजे बहिणीकडून! मी बाहेर आले, खुर्चीत बसले. छप्पन्नाव्या वर्षी मी कुठे जाऊ? कुणाला सांगू, की मिनिटाला पन्नास शब्द टाईप करून माझी एकही चूक होत नाही? विचारतंय कोण? ते विचारणार, "माऊस येतो का?"

आणि मग तो मंगळवार उजाडला. आमच्या एक जुन्या पक्षकार आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या आजी. घरात पाय घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, चार वाजता ऑपरेशन. दुपारी अडीचला त्यांचा फोन, साहेबांना, "वकीला, मृत्युपत्र बदलायचंय. आत जायच्या आधी. ये." झालं! साहेबांनी लॅपटॉप घेतला, आणि दिला कुणाच्या हातात? मेहुण्यांच्या! मी? मी फाईल धरायला.

हॉस्पिटलची खोली म्हणजे एवढीशी. मधे खाट, खाटेवर आजी, पायाला ढोपराच्या वरपर्यंत कच्चं प्लॅस्टर. डावीकडे थोरली मुलगी, उजवीकडे धाकटी, दोघी एकमेकींकडे न बघता आईकडे बघतायत. काम तसं सोपं. आधीच्या मृत्युपत्रात थोरलीला तळमजला नि धाकटीला वरचा मजला. आजी म्हणाल्या, "धाकटीचे गुडघे गेलेत, जिने कशी चढेल? तिला खालचा दे, थोरलीला वरचा." दोन परिच्छेदांची अदलाबदल. बस! आणि तिसरा परिच्छेद होता, आजींचा पोपट मोलकरणीला द्यावा, दाणापाण्याच्या तरतुदीसह. त्याला हात लावायचा नव्हता. नर्स म्हणाली, "सव्वातीन झालेत. चारला नेणार म्हणजे नेणार."

मेहुण्यांनी खुर्ची ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला, माऊस काढला, दिवे लागले... आणि ठेवणार कुठे? खाटेजवळच्या टेबलावर औषधं. हात लावला तर नर्स ओरडली, "ते हलवायचं नाही!" कोपऱ्यात काचेचा स्टँड होता, त्यावर ठेवला. काचेवर तो आंधळा! जागचा हलेना! मग पांघरुणावर ठेवला, तर बाण इकडून तिकडे उड्या मारायला लागला. मग स्वतःच्या मांडीवर ठेवला, तर गुदगुल्या होऊन स्वतःच हसायला लागले. एकीकडे मोडलेलं हाड, एकीकडे मृत्युपत्र, आणि मधे हा माणूस खी खी खी! साहेबांना घाम फुटला. "प्रश्न असा उपस्थित होतो की, माऊस कुठे ठेवावा?" कायद्यात त्याला उत्तर नाही!

आणि मग मेहुण्यांना प्लॅस्टर दिसलं.

मी 'अहो' म्हणेपर्यंत ठेवला! आजींच्या पायावर! आणि चालला हो! काय सुरेख चालला, पांढरं, रुंद, खडबडीत... मेहुण्यांचा चेहरा फुलला, परिच्छेद निवडला, बटण दाबून धरलं, ओढायला लागले, जोर दिला... "आई आई आई गंऽऽ!" आजी किंचाळल्या, मेहुणे दचकले, बोट सुटलं, आणि तळमजला जो पडला तो तिसऱ्या परिच्छेदात! आणि मेहुणे पडदा बघून मोठ्यानं वाचतायत, "माझा पोपट यास राहत्या घराचा तळमजला, परसदार व विहिरीसह, त्याने तो तहहयात उपभोगावा..."

थोरलीनं धाकटीचा हात धरला. आणि आजींनी, एवढ्या कळा येत असताना, काय म्हणावं? "अरे गाढवा, तो उडतो! द्यायचाच तर त्याला वरचा दे!"

पावणेचार! दाराशी स्ट्रेचर आलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी फाईल मेहुण्यांच्या हातात दिली, आणि म्हटलं, "भाचेराव, जरा सरकता का?"

स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर, त्यात खोचलेली माऊसची ती नखाएवढी चिप उपटून काढली, अंगठा टचपॅडवर ठेवला... आणि काही नाही! टचपॅड मेलेला! मेहुणे कानाशी, "मी बंद करून ठेवलाय मावशी, तळवा लागतो म्हणून." वरच्या रांगेत त्याचं बटण असतं, चौकोनावर काट मारलेलं. दाबलं. बाण हलला! आणि मग, तुम्हाला सांगते, मी कुठे होते मला ठाऊक नाही. स्ट्रेचरचं चाक वाजतंय, नर्स घड्याळ दाखवतेय, मुली मुसमुसतायत, आणि माझ्या कानात एकच आवाज, हात जागचा हलता कामा नये! मनगट वर, नजर पडद्यावर, पोपटाची विहीर काढून घेतली, धाकटीला तळमजला, थोरलीला माडी, खालची तारीख बदलली, "पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे" घातलं, आणि एकेक ओळ आजींना वाचून दाखवली. पाच मिनिटं! एक चूक नाही! बाहेर नर्सच्या काउंटरवरच्या प्रिंटरवर पानं काढली, डॉक्टर एक साक्षीदार, नर्स दुसरी, आजींनी सही ठोकली, चारला दोन कमी!

आणि नेता नेता आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "पोरी, सोन्याचे आहेत गं तुझे हात." छप्पन्नाव्या वर्षी मला पोरी! तिथेच व्हरांड्यात उभी राहून रडले मी. अगदी हमसून. आणि आजी? ठणठणीत! आता काठी घेऊन चालतात, आणि सगळ्यांना पोपटाची गोष्ट सांगतात.

संध्याकाळी ऑफिसात साहेब, मेहुण्यांच्या देखत, उभं राहून म्हणाले, "बाई, प्रश्नच उपस्थित होत नाही. तुम्ही आहात तोवर या ऑफिसात टायपिस्ट तुम्हीच." मी घरी तरंगत गेले! यांना म्हटलं, तुमचा लाल उंदीर कपाटात ठेवा. जिंकले, अहो जिंकले मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते, तर माझ्या टेबलावर मेहुणे. अख्ख्या टेबलावर धबधबा. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई, प्रश्न असा उपस्थित होतो की, टेबल लागतं कुणाला? नोकरी तुमचीच. पण यांनाही घरी... अं... पाठवता येत नाही. आता यांना लागतो माऊस, माऊसला लागतं टेबल. तुम्ही काय, काल स्टुलावर बसून एवढं मोठं मृत्युपत्र केलंत! तुम्हाला टेबलाची गरज ती काय?"

सांगा! माझाच पुरावा माझ्यावर उलटवला! वकील तो! हात माझा जागचा हलला नाही, मीच हलले!

तर आता मी बाकावर बसते. पक्षकारांच्या. मांडीवर लॅपटॉप, एकीकडे भाडेकरूवाला, दुसरीकडे घटस्फोटवाली, मधे मी, टायपिस्ट नंबर एक, काम झरझर चाललेलं. आणि रोज कुणी ना कुणी नवा येतो, शेजारी टेकतो, माझ्याकडे बघून हळहळतो आणि विचारतो, "बाई, बऱ्याच वेळच्या बसलेल्या दिसता. तुमचा नंबर कधी लागायचा?"

मी म्हणते, "माझा लागून गेला हो. तुम्ही व्हा पुढे."