भिंत आपली आहे!

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं स्वतःच्या भिंतीला भोक पाडायचं नाही तर काय शेजाऱ्याच्या भिंतीला पाडायचं? भिंत आपली आहे! तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरात राहिलो, आणि दरवेळी घरमालकाचा पहिला प्रश्न, नाव नाही, गाव नाही, एकदम नाकात बोलत, "भिंतीला खिळे ठोकणार नाही ना?" अहो, मी काय सुतार वाटलो? लग्नात वडिलांनी दिलेलं घड्याळ, हे एवढं, परातीएवढं, ते इतकी वर्षं फ्रिजवर टेकून उभं! फ्रिज उघडला की डोक्यात पडायचं. वडील यायचे, घड्याळाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं." बस्स! आमच्या वडिलांच्या तोंडून "चांगलं" हा शब्द निघालेला कुणाच्या ऐकिवात नाही. वर्गात पहिला आलो, "हं." नोकरी लागली, "हं." सून दाखवली... "हं!" बायको ते अजून विसरलेली नाही.

म्हणून ठरवलं, घर घ्यायचं, घड्याळ भिंतीवर लावायचं, त्याच्याखाली वडिलांना बसवायचं आणि विचारायचं, "कसंय?" बघू कसं "हं" म्हणतात!

आणि घर काय आंधळ्यासारखं घेतलं होय? ऐका, तुमच्याही उपयोगी पडेल. फरशीवर गोटी सोडून उतार बघितला. भिंतींना गाल लावून ओल बघितली... हसू नका, हाताला कळत नाही, गालाला कळतं! प्रत्येक दार उघडलं, लावलं, परत उघडलं, तेव्हा एजंट हात जोडून म्हणाला, "साहेब, घर घ्यायचंय की नुसतं दार?" बायको म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना चहा संपायच्या आत हो म्हणालात, आणि इथं दाराला एवढा विचार?" पण घर असं मिळालंय ना, कुठल्याही कोपऱ्यात बोट ठेवायला जागा नाही.

तर वडील पहिल्यांदा घर बघायला येणार तो दिवस. मी नवं कोरं ड्रिल मशीन घेऊन स्टुलावर. बायको खालून, "अहो, प्लंबरला तरी विचारा. पलीकडे बाथरूम आहे." म्हटलं, "घड्याळाला प्लंबर कशाला? भिंत आपली आहे!" आणि लावलं ड्रिल... घर्रर्रर्र... आणि सुंईईईई! पाणी थेट समोरच्या सोफ्यावर! तुम्हाला सांगतो, डोक्यात कोरून ठेवा, नळाच्या सरळ रेषेत वर किंवा खाली कधी भोक पाडू नका, पाईप तिथूनच गेलेला असतो. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बायकोनं सांगितलं होतं, पण ते कुठं कोण धरतं?

प्लंबरला फोन लावला. तो शांतपणे, "साहेब, घाबरू नका, आधी मेन कॉक बंद करा, अख्ख्या घराचं पाणी थांबेल." म्हटलं, "कुठंय तो?" तर म्हणतो कसा, "साहेब, घर तुमचं का माझं?" अरे, आलाय मोठा! पण खरं सांगू, कानाखाली बसल्यासारखं झालं. गोटी सोडली, गाल लावले, आणि पाणी कुठून बंद होतं ते नाही बघितलं! तुम्ही बघा हो. घर घेण्याआधी बघा.

आणि तेवढ्यात बेल! दारात वडील, हातात पिशवी. त्यांनी पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... मी "हं"ची वाट बघत उभा. पण नाही! पिशवी खाली ठेवली, बाही वर केली, सरळ चालत गेले आणि भोकावर अंगठा दाबून उभे! मी रांगत रांगत घरभर कॉक शोधतोय, सापडला शेवटी बायकोला, वॉशिंग मशीनच्या मागे. आणि हे आपले उभे, चष्म्यातून पाणी ठिबकतंय, शर्ट अंगाला चिकटलाय. मला रडूच फुटायचं बाकी होतं. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस असा वाहून चाललेला! तरी रडक्या आवाजात विचारलं, "बाबा... घर कसंय हो?"

त्यांनी अंगठा काढला, निरखून बघितला, आणि म्हणाले, "पाण्याला जोर चांगला आहे."

चांगला! म्हणाले! बायको साक्षीला आहे! माझे डोळे भरून आले हो, सगळाच ओला होतो म्हणून कुणाला कळलं नाही, एवढंच.

पाईप जोडून झाला, आता गवंडी येऊन भोक बुजवणार, तर वडील आडवे! "राहू दे. लोकांना दाखवायला बरं पडतं." तेव्हापासून त्यांचा मुक्काम हललेला नाही. आत्या येते, मामा येतात, वडील सगळ्यांना छाती काढून भोकापाशी नेतात आणि अंगठा लावून दाखवतात, "इथं! असा उभा होतो मी!" माझा हॉल, माझ्या खिडक्या, कुणी ढुंकून बघत नाही. घड्याळ परत फ्रिजवर! भिंत आपली आहे हो... पण भोक वडिलांचं आहे!