माझ्याच मशीनवर होतं

नाही हो साडूभाऊ, तिथे नाही, ती माझी खुर्ची आहे — स्टूल घ्या. तर काय म्हणालात, तुमच्या लॅपटॉपवर बिल्ड होत नाही, कोडचा चालणारा प्रोग्राम बनतच नाही? होणारच नाही! इथे कोणाच्याच होत नाही. त्यात लाजायचं काय — तुम्ही आपले वेबसाइटवाले, बटणाचा रंग बदलला की दिवस सार्थकी लागला. हे लिफ्ट चालवणारं सर्किटचं कार्ड आहे. वीज आली की आधी बूटलोडर जागा होतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. तो नसेल तर लिफ्ट म्हणजे नुसती लोखंडी खोली. कळलं? नाही कळलं तरी मान डोलवा, साहेबही तेच करतात.

आता लहान मुलाला सांगावं तसं सांगतो. बूटलोडर तयार होताना मधेच काही स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालतात; ते वाचून चालवतो तो पायथन. बिल्डच्या फाइलमध्ये नुसतं ‘पायथन’ लिहिलंय — जुना की नवा, काही नाही. मग कॉम्प्युटर काय करतो? निघतो शोधायला, एकेका फोल्डरमध्ये डोकावत, आणि त्या नावाचा पहिला जो भेटेल त्याचं बखोट धरून आणतो. सगळ्यांच्या मशीनवर भेटतो नवा. स्क्रिप्ट जुन्यासाठी लिहिलेल्या, नव्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही — की पडला तोंडावर! आणि माझ्या मशीनवर? माझ्याकडे जुना पहिल्याच फोल्डरमध्ये बसलाय. बसलाय म्हणजे — बसवलाय. मीच. बरीच वर्षं झाली.

लपवलं वगैरे काही नाही हं! कोणी नीट विचारलंच नाही. म्हणजे — तुमच्या मागच्या टेबलावर एक बाई होत्या, त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, तुमची मशीनच खराब आहे. तर त्यांनी अख्खी मशीन पुसून पुन्हा भरली! दोनदा! मग रडल्या, मग नोकरी सोडून गेल्या. असली हळवी माणसं या धंद्यात यावीतच कशाला? — टाइप काय करताय? लिहून घेताय? घ्या, घ्या, तुमच्या डोक्यात राहायचं नाही ते.

खरं सांगू? तुम्हाला इथे चिकटवलं ते हिने माझं डोकं खाल्लं म्हणून. ‘धाकटीचा नवरा घरी बसलाय, तुमच्या साहेबांना सांगा ना, तुमच्याशिवाय तिथे पान हलत नाही.’ हे वाक्य ती कोणासमोरही म्हणते — दूधवाल्यासमोरसुद्धा. मी म्हणतो, कशाला गं. पण म्हणू देतो. दर वेळी कार्ड पाठवायची वेळ आली की साहेब स्वतः इथे येतात, असे दारात उभे राहतात, ‘जरा बघता का?’ गेल्या वर्षी निम्मी माणसं काढली — माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही कोणी. कारण काय? हुशारी? हॅ! हुशार ते सगळे गेले. हे एक फोल्डर आहे म्हणून मी आहे.

... हे काय बोलून गेलो मी. तुम्ही ऐकत नव्हता ना? तुमचं आपलं टकटक चाललंय ते बरंय. बघू काय गिरगटलंय. अहो ही स्क्रिप्ट — ही उघडलीत कशाला? सगळ्याच उघडल्यात? नव्याला कळतील अशा करून टाकल्यात? आणि बिल्डच्या फाइलमध्ये नव्याचं नाव, ‘पायथन३’... एवढंच? मी बोलत असताना? चालवू नका, मोडेल, हात लावू नका म्हणतो ना — चालवलंत?

झालं की.

तुमच्या मशीनवर झालं. म्हणजे आता कोणाच्याही... साहेबांना कळवलं नाहीत ना अजून? — कधी? आत्ताच?

बरं. बरं, छान. तसं सोपंच होतं, मी केव्हाच करणार होतो, वेळ कुठे मिळतो. रविवारी जेवायला येताय ना दोघं? ही विचारेल कामाचं. तिला सांगा, भाऊजींनी शिकवलं. एवढंच म्हणायचं, भाऊजींनी शिकवलं. म्हणाल ना? — मान काय डोलावताय, तोंडाने बोला!

जा. जा आता, मला खूप कामं पडलीत.