तळ्याखालची रुद्रभूमी

(१९७४. अक्कलकोटजवळचं एक गाव. पूर्वी वकील, आता प्रांताधिकारी असलेले गुरुबसप्पा, माहेरी आलेली पत्नी दाक्षायणी वारल्यानं सोलापूरहून सासुरवाडीला आले आहेत. सोबत मेव्हणा मल्लप्पा आणि शेजारीण गौरम्मा.)

मल्लप्पा : मग दाजी, कवा कळलं तुमाला?

गुरुबसप्पा : सकाळी ऑफिसात फोन आला. दाक्षायणी गेली, एवढंच म्हणाले. ताप होता हेही मला माहीत नव्हतं.

मल्लप्पा : तीच कळवू नगा म्हनली. सायबाला कामं असत्यात म्हनं. बरं, दिवस कलतोय, इधी कराया जंगम येऊन बसलाय. खड्डा कुटं घ्यायचा?

गुरुबसप्पा : तिच्या आईशेजारी. तिची तशी इच्छा होती.

मल्लप्पा : आई तळ्याखाली हाय, दाजी. दुष्काळात पाझर तलावाला तुमीच सही केली न्हवं? आपल्या लिंगायतांची पुरायची रुद्रभूमी गेली, माजं शेतबी गेलं.

गौरम्मा : ऱ्हाऊ द्या की मल्लण्णा. आज नगं.

मल्लप्पा : का नगं? पाटलानं रुद्रभूमीत नांगर घातला, तवा ह्योच मानूस काळा कोट घालून कोर्टात भांडला. आमी खांद्यावर घिऊन नाचलो ह्याला.

गुरुबसप्पा : तलावामुळं गावाला पाणी मिळालं, मल्लप्पा.

मल्लप्पा : मिळालं की. न्हाय कोन म्हनतंय? पर पुरायला दुसरी जागा देतो म्हनला हुता.

गुरुबसप्पा : गायरानातली बघून ठेवली होती. पुढं काही झालं नाही. म्हणजे, मी केलं नाही.

मल्लप्पा : आता शेत हाय त्यो बांधाला पुरतोय. न्हाय त्यो रस्त्याच्या कडंला.

गौरम्मा : वकीलसाहेब, माज्या वावरात चला. आमचं मालक तितंच हायत. शेजारी जागा हाय.

गुरुबसप्पा : ते गेले तेव्हा जागा मागायला तुम्ही ऑफिसात आला होता.

गौरम्मा : व्हय. साहेब न्हाईत म्हनून शिपायानं म्हागारी धाडलं.

गुरुबसप्पा : मी आत होतो.

गौरम्मा : ठावं हाय. आवाज येत हुता की तुमचा.

गुरुबसप्पा : तरी जागा देताय?

गौरम्मा : दाक्षायणीला देतीया. त्या दिशी तिनंच घरी न्हेऊन जेवू घातलं. साहेबाला सांगते म्हनली. सांगितलं न्हाय का?

गुरुबसप्पा : सांगितलं होतं.

मल्लप्पा : चला, उचलू. वाटंत मानसं इचारतील, गावच्या जागंचं काय झालं म्हनून. काय सांगू त्यास्नी?

गुरुबसप्पा : खरं तेच सांग. जागा अजून द्यायची राहिली आहे.