देवाजीचा राग

चौऱ्याऐंशी साली कामठीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

“वच्छला, देवाजीच्या डोक्याचं आपरेशन झालं म्हणे?”

“झालं, तुळसाबाई. मेंदूत गाठ होती. कितीतरी दिवस माहा माणूस तोंडातून शब्द काढत नव्हता. मले वाटे, भांडले असते तरी बरं.”

“मेंदूत गाठ दिसली कशी वं?”

“डोकं उघडल्यावर डॉक्टरनं एका नव्या कॅमेऱ्यातून पाह्यलं. त्या कॅमेऱ्याले उजेड नाही, गरमी दिसते म्हणे. गाठीची जागा बाकी मेंदूहून वेगळी दिसली. तेवढीच काढली.”

“देवाजीच्या डोक्यातली गरमी तर साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक होती! त्याले कॅमेरा काहून लागते?”

“हास वं, हास. आता मलेही हासू येते.”

“बोलते का आता?”

“आज सकाळी पट्टी सोडली. डोक्यावर हात फिरवला आन् डॉक्टरवरच ओरडले, ‘माहे केस काहून कापले गा?’”

“अवं माय! डॉक्टर रागावला असन.”

“तो तर हासून राहिला होता.”

“आन् तू?”

“मी रडत रडत साऱ्या वॉर्डात पेढे वाटून राहिली होती.”