बुचावरचा अंगठा

बाटलीच्या बुचावर अंगठा दाबून जीव मुठीत धरून बसायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली होती, एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या चाळीत.

आमचे हे कारखान्याच्या गेस्ट हाउसवर हंगामी कामाला होते. नव्या मशीनसाठी आलेल्या गोऱ्या इंजिनिअरची शॅम्पेनची बाटली साहेबांनी ह्यांच्याकडे दिली, गारव्याला आडवी ठेव म्हणून. ह्यांनी ती घरी आणून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. ओलीने गंजेल म्हणून मी बुचावरची तार काढून केरात टाकली.

दुपारी ह्यांनी पाहिलं, तर बूच वर सरकलेलं.

"तार कुनी काढली? आगं, बंदुकीवानी उडंल ते. दाबून धर. सांडली तर माझी नोकरी गेली."

हे उकिरड्यावर तार शोधायला धावले. मी बुचावर अंगठा दाबून बसले, आणि नेमक्या माळकरी सासूबाई समोर आल्या.

"काय धरून बसलीस?"

"औषध हाय, आत्याबाई. बूच उडतंय."

"कुनाचं?"

"सायबांचं."

त्यांनी सोनेरी कागदावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी लोणच्याच्या बरणीच्या तोंडाचं फडकं, दादरा, सोडून आणला आणि बुचावर करकचून बांधला.

"सायेब लई आजारी दिसतोय तुमचा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्या इंजिनिअरने ती बाटली, कुणाला थेंबही न देता, मुहूर्ताचा नारळ फोडावा तशी नव्या मशीनवर आपटून फोडली.